खालचा कप्पा

कपाटाखालची तिसरी वीट ओढून काढताना भाऊसाहेबांना जयराम बोराड्यांचं पत्र आठवलं. अकरा वर्षं झाली, त्या पत्राला उत्तर गेलेलं नव्हतं.

वीट खालून काळपट आणि वरून पांढुरकी झाली होती. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून मागच्या दाराबाहेर नेली आणि आधीच्या दोन विटांवर रचली. परत आले तेव्हा कपाट एका अंगाला कललं होतं आणि मालनबाई दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या.

“पुस्तकं काढल्याबिगर चौथी निघायची नाही,” त्या म्हणाल्या. “अन् तुम्ही पुस्तकं काढायला बसला की वाचायलाच बसणार. नाथाला येऊ द्या.”

भाऊसाहेब म्हणजे सहादू गांगुर्डे. कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं नोकरी करून तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले होते. सातपूर रस्त्यावरच्या वसाहतीतलं हे तीन खोल्यांचं घर त्यांनी एकोणसत्तर साली बोराड्यांकडून घेतलं, ते चैत्रात. सगळ्यांत आवडली होती ती मागची खोली. शहाबादी फरशीची, थंडगार, रस्त्याच्या आवाजापासून लांब. पुस्तकं इथंच, असं त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं होतं. पुढं श्रावणातल्या एका सकाळी फरशीच्या सांध्यांतून पाणी वर आलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातली सगळी पुस्तकं भिजली. चाळीस दिवस पाणी येत राहिलं. मग आलं तसंच निघून गेलं. तेव्हापासून दरवर्षी तेच.

वर्षभरानं चांदवडहून बोराड्यांचं अंतर्देशीय पत्र आलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, शब्द एकमेकांना खेटलेले. ‘घर मी चैत्रात दाखविले ते मुद्दाम. श्रावणात मागील खोलीत जमिनीतून पाणी निघते हे सांगितले नाही. आपण शिकलेले आहात. रागावला असाल तर तसे लिहावे. काहीच न लिहिलेत तर मला कळायचे नाही, आणि तेच मला जड जाते.’

भाऊसाहेबांनी उत्तराचे तीन मसुदे केले. पहिल्यात राग फार झाला. दुसऱ्यात तो नव्हताच. तिसऱ्यात होता की नव्हता हे त्यांचं त्यांनाच कळेना. मग उशीर झाला. उशिराबद्दल काय लिहायचं ते ठरेना, म्हणून आणखी उशीर झाला. पत्र एका जाड कोशात गेलं आणि कोश वरच्या कप्प्यात.

आता घर विकायचं होतं, कारण मालनबाईंना दमा होता. दर पावसाळ्यात तो वाढायचा. गेल्या भाद्रपदात त्या बसल्या बसल्या खिडकीचा गज धरून श्वास घेत होत्या, तेव्हा डॉक्टरांनी भाऊसाहेबांना बाहेर बोलावून सांगितलं, “या ओलीत अजून एक पावसाळा काढू नका.” भाऊसाहेबांचा मुलगा केरू ओझरच्या विमान कारखान्यात होता. त्यानं आपल्याच गल्लीत दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. हे घर गेलं की त्या घ्यायच्या. घर जायचं तर पावसाच्या आधी जायला हवं होतं.

नाथा दलाल लुनावरून आला, लुना दारात लावली आणि आत न येता आधी भिंत बघितली. पूर्वी तो सायकली भाड्यानं द्यायचा.

“घर विकणं म्हणजे मुलगी दाखवण्यासारखं आहे, भाऊसाहेब. वेळ साधावी लागते,” तो म्हणाला. “गेल्या साली सिंहस्थ. लग्नं नाहीत, वास्तू नाहीत, लोक नुसते थांबून होते. ते सगळं गिऱ्हाईक यंदा निघणार. पाडवा ते अक्षय तृतीया, एवढा एक महिना आपला. नंतर पाऊस. आणि पावसात तुमचं घर…” त्यानं फरशीकडे बघितलं.

“काय करावं लागेल?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“सांगतो ना. गिऱ्हाईक आणायचं सकाळी साडेसहाला. साडेसातला नळ जातो, त्याच्या आत. नळ सोडून दाखवला की बाईमाणूस निम्मं घर तिथंच घेतं. चुना मारायचा, चिमूटभर नीळ टाकून. मागच्या खोलीत खाली हातभर गेरूचा पट्टा ओढायचा. बघणाऱ्याला जुनी रीत वाटते आणि ओलीचा लोणा झाकला जातो. कपाटाची उरलेली वीटही काढा. आणि हा खालचा कप्पा रिकामा का?”

“तो आम्ही रिकामाच ठेवतो.”

“तेच तर. बघणारा विचारणार. भरा तो.” नाथा समोरच्या खोलीत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “अजून एक. हा बाबासाहेबांचा फोटो. म्हणजे माझं काही नाही हां. आपलं फक्त अक्षय तृतीयेपर्यंत. काही गिऱ्हाईकं कशी असतात…”

मालनबाई चहा घेऊन येत होत्या. कपबशी त्यांनी खाली ठेवली नाही.

“फोटो हलायचा नाही,” त्या म्हणाल्या. “ज्याला फोटो बघून माघारी जायचं त्यानं जावं, त्याच्या जाण्यानं आमचं दार रुंद होईल. तुला चहा घ्यायचाय का?”

“घेतो ना, काकू.”

फोटो राहिला. पाण्याबद्दल मात्र नवराबायको दोघंही काही बोलले नाहीत. चुना मारून झाला, गेरूचा पट्टा ओढून झाला, चौथी वीटही निघाली. खालचा कप्पा भरायला भाऊसाहेबांना अख्खी दुपार लागली. फरशी कोरडी ठणठणीत होती, श्रावण चार महिने लांब होता, तरी चांगलं पुस्तक तिथं ठेवायला हात धजेना. शेवटी त्यांनी माळ्यावरची पहिल्या सालची पुस्तकं खाली काढली. भिजून वाळलेली, टाकवत नाहीत म्हणून राहिलेली. पाठी पुसून, उंचीप्रमाणं लावून त्यांनी ती कप्प्यात बसवली आणि लांब जाऊन बघितलं. कप्पा भरलेला दिसत होता.

पाडव्यानंतर माणसं येऊ लागली. भाऊसाहेब समोरच्या खोलीत पेपर धरून बसत आणि पेपराच्या कडेवरून बघत. वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण त्यांना भलतंच कुतूहल लागलं. एका कंत्राटदारानं सगळ्या दारांवर बोटांनी टकटक केली आणि एकही उघडलं नाही. एका शिक्षिकेनं फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं ते बघितलं, बराच वेळ. नवीन लग्न झालेलं एक जोडपं भिंतींकडे ढुंकूनही न बघता, पलंग कुठं बसेल यावरून हळू आवाजात भांडलं. माणूस घर बघायला येतो तेव्हा नेमकं काय बघतो, यावर कुणी पुस्तक लिहिलं आहे का, असं भाऊसाहेबांच्या मनात आलं. आपण त्या वेळी काय बघितलं होतं? गारवा. तो कशाचा आहे हे विचारलं नव्हतं. पोस्टातला एक कारकून दोनदा येऊन गेला आणि अक्षय तृतीयेला इसार देतो म्हणाला. त्यानं मागच्या खोलीत उभं राहून “वा, काय गार आहे,” असं म्हटलं, तेव्हा भाऊसाहेबांनी पेपराचं पान उलटलं.

तृतीयेला आठ दिवस होते तेव्हा सिन्नरकडची माणसं आली. गोरक्ष सातपूरला कारखान्यात फिटर होता आणि भाड्याच्या एका खोलीत राहायचा. बरोबर त्याची आई होती, भागीबाई. नऊवारी, डोक्यावर पदर, पायांत टायरच्या चपला. त्या तिनं उंबऱ्याबाहेर काढल्या. आत आल्यावर तिनं फोटोकडे बघितलं, मग मालनबाईंकडे. नाथा चुळबुळला.

“रामराम, ताई,” भागीबाई म्हणाली.

“जयभीम,” मालनबाई म्हणाल्या. “बसा.”

गोरक्ष नाथाच्या मागं नळ बघायला गेला. भागीबाई मात्र पाय दुखतात म्हणत मागच्या खोलीत शिरली आणि खुर्ची असताना फरशीवर बसली, कपाटाकडे तोंड करून. आतापर्यंत घर बघायला आलेलं कुणीही त्या खोलीत खाली बसलं नव्हतं. भाऊसाहेब पेपर हातात घेऊन दाराशी आले.

“एवढी सगळी तुम्ही वाचली?” तिनं विचारलं.

“बरीचशी.”

“माझ्या बापाला अंगठा येत व्हता, मला तो बी नाय.” ती हसली. मग तिचं हसू हळूहळू थांबलं. तिनं हात लांब करून खालच्या कप्प्यातल्या एका पुस्तकाच्या पोटावरून बोट फिरवलं. मग शेजारच्या. मग वरच्या कप्प्यातल्या एकाला हात लावून बघितला.

“ही खालची भिजून वाळल्यात,” ती म्हणाली. “भिजलेलं बारदान कितीबी उन्हात घाला, असंच फुगून ऱ्हातं. वरची बघा कशी सपाट हायेत.”

नाथा आणि गोरक्ष तेवढ्यात आत आले होते. “खिडकी उघडी राहिली होती एका पावसात, मावशी,” नाथा लगेच म्हणाला. “वरून आलं पाणी.”

“वरून आलं अन् वरची कोरडी?”

भाऊसाहेबांनी पेपराची घडी केली, पुन्हा एकदा केली. मालनबाई चौकटीला धरून त्यांच्याकडे बघत होत्या.

“वरून नाही,” भाऊसाहेब म्हणाले. आवाज त्यांना स्वतःला अनोळखी वाटला. “खालून येतं. श्रावणात, चाळीस दिवस. या फरशीतून. हिला दमा आहे तो त्याच ओलीनं. आणि ते झाकायलाच आम्ही गेरू लावला आहे.”

“झालं,” नाथा म्हणाला.

“म्हणजे घर ओलीचं आहे,” गोरक्ष आईला म्हणाला. “चल, ऊठ.”

भागीबाई उठली नाही. तिनं तळहात फरशीवर ठेवला होता.

“गोडं हाय का मचूळ?”

“काय?”

“पाणी वो. पिऊन बघितलं आसंल ना.”

भाऊसाहेबांनी मालनबाईंकडे बघितलं. पाण्यावर त्यांनी डांबर ओतलं होतं, सिमेंट भरलं होतं, दोन गवंडी आणले होते. ते ओठांना लावायचं दोघांच्याही मनात कधी आलं नव्हतं.

“पुसायचं पाणी कोण चाखतं, बाई,” मालनबाई म्हणाल्या.

“बहात्तरच्या दुस्काळात आलं व्हतं?”

“आलं होतं. उशिरा आलं. आठ दिवसच, पण आलं,” भाऊसाहेब म्हणाले.

“बहात्तरला आम्ही खडी फोडत व्हतो,” भागीबाई म्हणाली. “टँकर दिसला की पोरं रस्त्यावर पळायची. हा गोरक्ष बी पळायचा. अन् हितं पाणी आपल्या पायानं घरात येत व्हतं.” तिनं छताकडे बघितलं. “खोलीत कोंडलं तर ओल धरणारच. वरचं छप्पर उतरायचं, फरशी काढायची, मधी आड खांदायचा. अंगणातल्या पाण्यानं कुणाला दमा होत नाय. पर मचूळ आसंल तर काय उपेग नाय. मी श्रावणात येते, तांब्या घिऊन. तवर कुनी घेतलं घर, तर घेऊ द्या.”

मालनबाई स्वयंपाकघरात गेल्या. वणीकडच्या त्यांच्या गावात, लहानपणी, विहिरीपासून दहा हातांवर घागर ठेवून त्या उभ्या राहायच्या. कुणी दयावंत येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. लग्नानंतर एकदाच त्यांनी हे सांगितलं होतं. भाऊसाहेबांना आज ते आठवलं, आणि बारा पावसाळे फडकी पिळणारे त्यांचे हातही आठवले.

पोस्टातल्या कारकुनाला भाऊसाहेबांनी स्वतः जाऊन सांगितलं. खिडकीपलीकडे तो आणि अलीकडे हे, मागं रांग. कारकुनानं ऐकून घेतलं, आभार मानले आणि तृतीयेला तो आला नाही.

“श्रावणात घर दाखवायचं,” नाथा लुनाला किक मारत म्हणाला, “म्हणजे पोरीला गोवर उठल्यावर पाहुणे बोलवायचे. तुम्ही पुस्तकं फार वाचली, भाऊसाहेब. त्यानंच हे झालं.”

त्याचं खरं असेल, असं भाऊसाहेबांना बरेच दिवस वाटत राहिलं. पुरं घर कोरडं असताना विकता आलं असतं आणि मालनबाई पावसाआधी स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या असत्या. आता त्यांना एकटीला केरूच्या एका खोलीत, सुनेच्या चुलीशी जावं लागलं. एसटी स्टँडवर ट्रंक चढवून झाल्यावर भाऊसाहेब खिडकीखाली उभे राहिले.

“चूक झाली का माझी?”

“मला वाटलं होतं तुम्ही नाथाच्या मागं दडाल,” मालनबाई म्हणाल्या. “चूक का काय ते श्रावणात बघू. गोळ्या घेतल्यात मी. तुम्ही जेवत जा, पुस्तकावर ताट ठेवू नका.”

पाणी श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. भाऊसाहेबांनी आदल्याच दिवशी शेजाऱ्याकडून पहार आणून मधली एक फरशी उचकटली होती आणि खालची माती कोपरभर काढून ठेवली होती. सकाळी खळगा अर्धा भरलेला होता, गढूळ. त्यांनी तो तीनदा उपसला. तिसऱ्या दिवशी पाणी इतकं निवळलं की तळाचे खडे मोजता आले असते. सांध्यांतून मात्र काही आलं नाही. सगळं इथंच गोळा होत होतं. भाऊसाहेब उकिडवे बसून बघत राहिले. दोनदा त्यांनी ओंजळ भरली आणि दोन्ही वेळा ती परत खळग्यात सोडली. मग दोन पोस्टकार्डं लिहिली, एक ओझरला, एक सातपूरला. दोन्ही एका बैठकीत लिहून झाली याचं त्यांना नवल वाटलं.

रविवारी केरूनं मालनबाईंना आणून सोडलं. पदराचं टोक नाकाशी धरून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि खळग्यापाशी बसल्या. हातानं पाणी हलवलं. नितळ झाल्यावर ओंजळ भरून प्यायल्या. भाऊसाहेब विचारणार होते, पण त्यांचा चेहरा बघून त्यांनी विचारलं नाही. मालनबाईंनी पुन्हा ओंजळ भरली.

भागीबाई दहा वाजता आली, गोरक्षच्या मागं. बोलल्याप्रमाणं तांब्या आणला होता, पितळी, चिंचेनं घासलेला. तो मालनबाईंनी तिच्या हातातून घेतला, खळग्यात बुडवून भरला आणि बाहेरच्या ओट्यावर आणला. भागीबाई खालच्या पायरीवर बसली होती. शेतात प्यायची सवय, तिनं दोन्ही हात जुळवून ओंजळ तोंडाशी धरली.

मालनबाईंनी तांब्या वर उचलला, आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

“असं नको,” त्या म्हणाल्या. त्या दोन पायऱ्या उतरून भागीबाईच्या शेजारी बसल्या आणि तांब्या तिच्या हातात दिला. “तोंड लावून प्या.”

भागीबाईनं त्यांच्याकडे बघितलं. मग तिनं तांब्या तोंडाला लावला आणि मध्ये न थांबता निम्मा केला. पदरानं तोंड पुसून उरलेला तिनं मालनबाईंपुढं धरला. मालनबाईंनीही तो तसाच तोंडाला लावला.

“गावाकडं कोंडाजीच्या मळ्यात एक आड व्हता,” भागीबाई म्हणाली. “त्याचं पाणी असंच व्हतं.”

आत गोरक्ष मागच्या खोलीची लांबी वितीनं मोजत होता. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला, पुन्हा उलटा आला, आणि मग मान वर करून छताकडे बघत उभा राहिला. “पत्रे पुढच्या पडवीला वापरता येतील,” तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला.

भाऊसाहेबांनी वरच्या कप्प्यातला कोश काढला. पत्र होतं तिथंच होतं. पेन्सिल पुसट झाली होती, पण चांदवडचा पत्ता वाचता येत होता. तिथं आता कोण राहत असेल, बोराडे असतील की नसतील, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कपाटाला टेकून, उभ्यानंच पोस्टकार्ड लिहिलं.

‘श्री. जयरामराव यांस स. न. वि. वि. आपले १९७० सालचे पत्र पोचले. घर मीदेखील यंदा चैत्रातच दाखविले, आणि मलाही सांगवले नव्हते. एका वृद्ध बाईंनी ओळखले. रागाबद्दल विचारले होतेत. होता, तो पहिल्या वर्षी. पाणी अजून येते. आज आम्ही ते प्यायलो. गोड आहे. आपण कधी पिऊन पाहिले होते का, कळवावे.’

खाडाखोड झाली नव्हती. चपला घालून ते कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेले. ‘कळवावे’ हा शब्द जास्त झाला का, असं वाटून त्यांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग ते पेटीच्या फटीत घातलं, क्षणभर टोक धरून ठेवलं, आणि सोडलं.